औषध लागू पडले, कोआला मात्र उपाशी

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वन्यप्राणी रुग्णालयांत आणलेला आजारी कोआला ओळखायला फारशी यंत्रसामग्री लागत नाही. डोळ्यांच्या कडा लाल आणि सुजलेल्या, पापण्या घाणीने चिकटलेल्या, आणि मागची बाजू सतत ओली राहून तपकिरी पडलेली. पहिल्या खुणेचा शेवट आंधळेपणात होतो. दुसरीचा अर्थ असा की मूत्राशयाला इतकी सूज आहे की लघवी आपोआप झिरपते आहे. दोन्हींमागे बहुतेक वेळा क्लॅमिडिया पेकोरम हा जिवाणू असतो. तो समागमातून पसरतो, आईकडून पिल्लाला मिळतो आणि माद्यांच्या अंडाशयाभोवती पाण्याच्या गाठी करून त्यांना कायमचे वांझ करून सोडतो. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांत जंगलातल्या कोआलांचे निम्म्यापर्यंत मृत्यू या रोगाच्या खात्यावर मांडले जातात. आता क्लॅमिडियाला मारणारी अँटिबायोटिक्स काही दुर्मीळ नाहीत. माणसाला याच गोतातल्या जिवाणूची बाधा झाली तर डॉक्सिसायक्लिनच्या आठवडाभराच्या गोळ्या सहसा पुरतात. मग कोआलाचे घोडे अडते कुठे?

ते अडते पोटात. कोआला जवळजवळ फक्त निलगिरीची पाने खातो, आणि हे पान अन्न म्हणून अगदीच कद्रू आहे. तंतू भरपूर, प्रथिने थोडी, वर विषारी तेले आणि टॅनिन. टॅनिन म्हणजे कच्च्या सुपारीने तोंड तुरट करणारे द्रव्य. ते पानातल्या प्रथिनांना असे घट्ट धरून बसते की जनावराच्या वाट्याला ती येतच नाहीत. ही पकड सोडवण्याचे काम कोआलाच्या आतड्यातले जिवाणू करतात. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एका टोकाला बंद असलेली जी पिशवी आपल्या पोटात जेमतेम बोटभर असते, ती कोआलात सुमारे दोन मीटर लांब असते आणि पाने तिथे सावकाश मुरतात. हे जिवाणू घेऊन पिल्लू जन्माला येत नाही. सहा महिन्यांच्या सुमारास ते आईच्या पिशवीतून डोके बाहेर काढून तिची एक खास मऊ, पातळ विष्ठा खाते. ऐकायला किळसवाणे वाटेल, पण आपल्या घरात विरजणाची वाटी जे काम करते तेच काम ही विष्ठा करते. अँटिबायोटिकला मात्र यातले काही कळत नाही. ते क्लॅमिडियाला मारते आणि वाटेत येणाऱ्या विरजणालाही. डोळे निवळतात, सूज उतरते, तपासणीत जिवाणू सापडत नाही, आणि जनावर पानांच्या ढिगाशेजारी बसून खंगत जाते.

म्हणूनच मला वाटते की वन्यप्राण्यांच्या बाबतीत ‘औषध लागू पडले का?’ हा आपल्या सवयीचा प्रश्न अपुरा आहे. पाळीव कुत्र्याचे पोट उपचाराने बिघडले तर मालक चार दिवस दहीभात घालतो, प्रकरण मिटते. कोआलाला दहीभात नाही. औषध संपल्यावर हे जनावर स्वतःच्या अन्नावर, स्वतःच्या झाडावर जगेल का, हीच उपचाराची खरी परीक्षा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार चालू असलेल्या कोआलांच्या विष्ठेतले जिवाणू तपासले गेले. जगलेल्या आणि मेलेल्यांत फरक दाखवणारा सर्वांत ठळक जिवाणू निघाला लोनेपिनेला कोआलारम, म्हणजे नेमका टॅनिनची पकड सोडवणारा. अभ्यास लहान होता, त्यामुळे एका जिवाणूला कोआलाचा तारणहार ठरवणे घाईचे होईल. पण पशुवैद्य अनुभवाने जे सांगत होते त्याला त्यातून दुजोरा मिळाला.

पोटाइतकीच आडमुठी गोष्ट म्हणजे यकृत. निलगिरीची विषे पचवता पचवता कोआलाचे यकृत विष मोडण्यात इतके तरबेज झाले आहे की औषधही त्याला विषच वाटते. २०१८ मध्येच कोआलाचा संपूर्ण जनुकसंच उलगडला, तेव्हा विषे मोडणाऱ्या एन्झाइमांच्या एका कुटुंबाची जनुके त्यात कमालीची वाढलेली आढळली. कुत्र्या-मांजरांच्या हिशेबाने दिलेली काही औषधे कोआलाच्या रक्तात पुरेशी टिकतच नाहीत, ती याच कारणाने. एका जनावराचा डोस वजनाच्या त्रैराशिकाने दुसऱ्याला लावता येत नाही. वर्षानुवर्षे भरवसा होता तो क्लोरॅम्फेनिकॉलवर. चार-चार आठवडे, कधी त्याहून जास्त, रोज एक इंजेक्शन. आपल्याकडे जुन्या पिढीला हे विषमज्वराचे औषध म्हणून आठवेल. माणसात ते क्वचित रक्त तयार होणेच थांबवते, म्हणून त्याचा वापर जगभर आक्रसला, इंजेक्शने मिळेनाशी झाली आणि कोआलाची पंचाईत झाली. मूठभर कोआलांसाठी कोणती कंपनी कारखाना चालू ठेवणार? त्यामुळे आता आठवड्याला एक इंजेक्शन पुरणाऱ्या डॉक्सिसायक्लिनकडे पशुवैद्य वळले आहेत. त्यातही पोट बिघडण्याची धास्ती आहेच.

यावर एक आक्षेप हटकून येतो. जंगलातला आजार जंगलावर सोडावा, कमजोर मरतील, धडधाकट उरतील, आपण मध्ये का पडायचे? जिथे निसर्गाचा हिशेब निसर्गाच्याच हातात आहे तिथे हे म्हणणे मी मान्य करीन. इथे तो तसा उरलेला नाही. झाडे तोडून वस्त्या वाढल्या, तुकड्या-तुकड्यांत अडकलेल्या कोआलांना मोटारी आणि कुत्री मारू लागली. खुद्द क्लॅमिडिया पेकोरम मेंढ्या आणि गुरांतही आढळतो, आणि तो युरोपियनांनी आणलेल्या जनावरांबरोबर आला असावा असा संशोधकांचा कयास आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी परिसरातला कोआला अधिकृतपणे धोक्यातला ठरला. आगीत तेल ओतणाऱ्यानेच ‘आता आग नैसर्गिकपणे विझू द्या’ म्हणावे, तसा हा आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एकेक प्राणी पकडून बरा केल्याने जात वाचते का? नाही वाचत, हे कबूल करायला हवे. मे २०१५ मध्ये कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत काळविटाच्या गोतातले दोन लाखांहून अधिक सायगा तीनेक आठवड्यांत मरून पडले. मारेकरी होता पाश्चुरेला मल्टोसिडा, म्हणजे ज्या घटसर्पाविरुद्ध आपला शेतकरी पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना लस टोचून घेतो, त्याच रोगाचा जिवाणू. तो त्या कळपांच्या अंगात आधीपासून निमूट राहत होता. त्या दिवसांतल्या नेहमीपेक्षा दमट, उबदार हवेने तो उलटला असावा, असे संशोधकांनी मांडले. गोठ्यातल्या म्हशीला वेळेत इंजेक्शन मिळाले तर ती वाचू शकते. मैदानभर विखुरलेल्या, काही तासांत कोसळणाऱ्या लाखो सायगांपुढे जगातला सगळा साठा कुचकामी ठरला असता. कळपाचे रक्षण अँटिबायोटिकने होत नाही, ते त्याचे कामच नव्हे.

त्यामुळे कोआलाच्या लशीचे महत्त्व वेगळे. सनशाइन कोस्ट विद्यापीठात पीटर टिम्स आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांहून जास्त काळ तिच्यावर काम केले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिला मान्यता मिळाली. एकच टोचणी पुरते. लस दिलेल्या रानटी कोआलांत या रोगाने होणारे मृत्यू किमान ६५ टक्क्यांनी घटले, असे तिच्या कर्त्यांनी जाहीर केले. मग अँटिबायोटिकची कटकट संपली म्हणायची का? तसे नाही. टोचायचे तरी कोआलाला आधी झाडावरून उतरवावे लागते. लांब काठीच्या टोकाला फडके बांधून ते त्याच्या डोक्यावर हलवत राहायचे, म्हणजे कंटाळून तो खोडावरून मागे मागे सरकत खाली येतो. एका कोआलासाठी चार माणसांची अर्धी सकाळ जाते. आणि ज्याच्या पापण्या आधीच चिकटल्या आहेत, त्याच्यासाठी रुग्णालयात औषध ठेवावेच लागणार.

फक्त आता औषधाबरोबर विरजणाचाही विचार होतो. पोटातले जिवाणू मेलेल्या गाईला निरोगी गाईच्या पोटातले पाणी पाजण्याचा उपाय पशुवैद्यांना जुना. कोआलांतही निरोगी प्राण्याच्या विष्ठेतले जिवाणू आम्लाने न विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून पोहोचवता येतात, हे २०१९ च्या एका प्रयोगात दिसले. ते कोआला आजारी नव्हते, एकाच जातीच्या निलगिरीला चिकटून बसलेले होते. दुसऱ्या जातीची पाने खाणाऱ्यांचे जिवाणू मिळाल्यावर त्यांच्या पोटातली वस्ती बदलली. उपचाराखालच्या कोआलाजवळ रोज ताज्या फांद्या लावायच्या, किती पाने खाल्ली ते पाहायचे, वजन करायचे आणि सकाळी लेंड्या बघायच्या. निरोगी कोआला दिवसाला शंभराच्या वर लेंड्या टाकतो, आणि त्या कोरड्या, टणक, निलगिरीच्या वासाच्या असतात. लेंडी मऊ पडली किंवा आकडा घसरला, तर तपासणीचा कागद काहीही म्हणो, त्याला झाडावर सोडण्याची तारीख पुढे ढकलतात.