तांबं काळवंडतं, मग ते लाख वर्षं टिकेल कसं?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत तांब्याचं घंगाळ अजून निघतं. ते चिंचेनं घासणाऱ्याला तांब्यावर पुटं चढतात हे वेगळं सांगावं लागत नाही. स्वीडन आणि फिनलंड अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन तांब्याच्या डब्यांत घालून जमिनीत पुरणार आहेत, हे वाचल्यावर अशा माणसाला धास्ती वाटणारच. ती रास्त आहे, पण तिच्या पोटात काही चुकीच्या समजुती आहेत.

गैरसमज : रंग बदलला म्हणजे तांबं संपत चाललं.

वस्तुस्थिती अशी की हवा आणि ओल यांमुळे आलेला थर खालच्या धातूला बरंच संरक्षण देतो. माधवराव शिंद्यांच्या वेळचा तांब्याचा पाव आणा काळपट पडतो, पण त्यावरची अक्षरं वाचता येतात. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाड. १८८६ पासून तो खाऱ्या वाऱ्यात उभा आहे आणि पहिल्या शंभर वर्षांत तो साधारण एक दशांश मिलिमीटर झिजला. पुरायच्या डब्याचं तांबं ५ सेंटिमीटर जाड असतं. शिवाय ४०० ते ५०० मीटर खोल खडकातल्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. खोदकामाबरोबर आत गेलेला ऑक्सिजन तिथली खनिजं आणि जीवाणू संपवतात.

गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात, गुंगेरिया गावी, १८७० साली जमिनीतून ४२४ तांब्याच्या वस्तू आणि १०२ चांदीचे पत्रे निघाले. उथळ मातीत, पावसापाण्यात हजारो वर्षं राहूनही त्या वस्तू शाबूत होत्या. मात्र मी याला पुरावा म्हणणार नाही. जे टिकलं तेच आपल्याला सापडतं, विरघळून गेलेल्याची नोंद कोण ठेवणार?

गैरसमज : ऑक्सिजन नसला की तांब्याला धोका नाही.

हा पहिल्यापेक्षा घातक, कारण तो जाणकारांच्या तोंडीही असतो. खोल जमिनीत तांब्याचा खरा वैरी सल्फाइड. त्याच बालाघाटात मलाजखंडची मोठी तांब्याची खाण आहे. तिथल्या खडकात तांबं मुख्यतः गंधकाशी बांधलेलं मिळतं. डब्याचं तांबंही सल्फाइड भेटलं की त्याच अवस्थेकडे परत जाऊ पाहतं. म्हणून डब्याभोवती बेंटोनाइट ही फुगणारी माती दाबून भरतात. तिची छिद्रं इतकी बारीक की सल्फाइड तयार करणाऱ्या जीवाणूंना तिथे हातपाय पसरता येत नाहीत, आणि बाहेरचं सल्फाइड अतिशय सावकाश आत झिरपतं. तेव्हा सगळा हिशेब वेगाचा आहे.

दुसरा वाद याहून तिखट झाला. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातले गुन्नार हुल्टक्विस्ट यांनी १९८६ मध्ये मांडलं की ऑक्सिजनविरहित शुद्ध पाण्यातही तांबं गंजतं आणि हायड्रोजन सुटतो. उप्साला विद्यापीठातल्या काटेकोर प्रयोगांत त्याला आधार मिळाला नाही. तरीही जानेवारी २०१८ मध्ये स्वीडनच्या भूमी व पर्यावरण न्यायालयानं तांब्याच्या गंजाबद्दलच्या अनिश्चिततेवर बोट ठेवलं आणि आणखी पुरावा मागितला. तो दिल्यानंतर, २७ जानेवारी २०२२ रोजी, सरकारनं फोर्समार्कच्या साठवणीला परवानगी दिली. शंकेला उत्तर मागणाऱ्या त्या न्यायालयाबद्दल मला फार आदर वाटतो.

गैरसमज : सगळी भिस्त तांब्यावरच.

नाही. इंधनाच्या गोळ्या मुळातच पाण्यात फार सावकाश विरघळतात. त्यांच्याभोवती ओतीव लोखंड, मग तांबं, मग माती आणि शेवटी खडक.

गैरसमज : भारतही असेच डबे पुरतो.

आपल्याकडे वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळं काढतात. उरलेला तीव्र किरणोत्सारी द्रव तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कम इथे काचेत गोठवून पोलादी डब्यांत भरतात आणि थंड होण्यासाठी देखरेखीखाली ठेवतात. खोल जमिनीतली कायमची जागा भारतानं अजून ठरवलेली नाही. ती ठरेल तेव्हा तिथल्या पाण्यातल्या सल्फाइडचे आकडे सरकारनं लोकांसमोर ठेवावेत, ही मागणी आपण आत्तापासून करायला हवी.