कुंडीतल्या झाडाचं अजीर्ण

शाळेच्या व्हरांड्यातल्या शेवंतीला कळ्या धरतात, फुलं उमलू लागतात आणि त्याच सुमारास तिची खालची पानं पिवळी पडतात. कुणीतरी म्हणतं, "खत कमी पडलं असेल." मग कुंडीत चमचाभर युरिया पडतो. आठवड्याभरात पानांची टोकं तपकिरी होतात. ते पाहून आणखी थोडं खत घातलं जातं. शेवटी झाड वाळतं आणि दोष नर्सरीवाल्याला किंवा उन्हाला दिला जातो.

इथे नेमकं काय घडलं? ते समजून घेतलं तर वनस्पतिशास्त्राचे दोन-तीन महत्त्वाचे धडे एकाच कुंडीत शिकवता येतात.

खत म्हणजे अन्न नव्हे

"खत हे झाडाचं अन्न" असं आपण सहज म्हणतो. घोटाळ्याची सुरुवात इथेच होते. व्हॅन हेल्मॉंट या शास्त्रज्ञाने 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंड वजनाचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी दिलं. झाड 169 पौंडांचं झालं, पण मातीचं वजन घटलं ते जेमतेम 2 औंस. हा प्रयोग 1648 साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. झाड पाण्यापासूनच बनतं असा निष्कर्ष त्याने काढला. तो अपुरा होता, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा तेव्हा ठाऊक नव्हता. पण झाडाचं शरीर मातीतून येत नाही, हे त्याच्या आकड्यांनी दाखवून दिलं.

झाड आपलं अन्न पानांत, सूर्यप्रकाशाच्या मदतीने स्वतः तयार करतं. मातीतून ते घेतं ती पाणी आणि खनिजं. ही खनिजं अत्यावश्यक असतात, पण लागतात थोडीच. स्वयंपाकात मिठाचं जे स्थान, साधारण तेच इथे खताचं. मीठ कमी पडलं तर चव जाते, पण मूठभर घातलं तर भाजी टाकून द्यावी लागते.

पान कसं वाचायचं?

पान पिवळं दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा: कोणतं पान? जुनं की नवं?

नायट्रोजन, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही मूलद्रव्यं झाडाच्या आत एका जागेहून दुसरीकडे नेता येतात. त्यांचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढतं आणि कोवळ्या शेंड्याला पुरवतं. म्हणून लक्षणं आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांचं तसं नाही. एकदा पानात बसली की ती तिथून सहसा हलत नाहीत. त्यामुळे त्यांची उणीव नव्या पानांवर दिसते.

दुसरा प्रश्न: पिवळेपणा कसा पसरला आहे? जुनं पान सगळंच फिकट होत गेलं तर नायट्रोजनचा विचार करावा. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी पडली तर मॅग्नेशियमचा. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो, हे इथे मुलांना आठवून द्यावं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा हे चित्र अगदी नव्या पानांवर दिसलं तर बहुधा लोह मिळत नाही. मातीत लोह नसतं असं नाही. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते भरपूर असतं, पण सामू जास्त असल्याने मुळांना घेता येत नाही. उसावर केवडा पडतो तो याच कारणाने.

तिसरी गोष्ट म्हणजे वय. झाड फुलावर आलं की जुन्या पानांतला बराच नायट्रोजन काढून घेऊन फुलांकडे आणि बियांकडे वळवतं. त्यामुळे बहराच्या काळात तळाची चार-दोन पानं पिवळी होऊन गळणं हा आजार नव्हे. वरची पानं टवटवीत असतील तर तिथे काहीच करायचं नसतं. आपल्या शेवंतीच्या बाबतीत पहिली चूक झाली ती इथेच.

जादा खताने पान का जळतं?

मुळं पाणी घेतात ती परासरणाने. मुळांच्या पेशींतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा जास्त संहत असतो, म्हणून पाणी आत शिरतं. कुंडीत खत विरघळलं की बाहेरचं पाणी संहत होत जातं आणि हा फरक कमी होतो. माती ओली असूनही झाडाला पाणी घेणं जड जातं. खत फारच झालं तर मुळांतलंच पाणी बाहेर येऊ लागतं. त्यात भर म्हणजे माती वाळून तिच्यातलं पाणी निम्मं झालं की क्षारांची संहती दुप्पट होते. सकाळी बरं दिसणारं झाड दुपारी माना टाकतं, त्यामागे हेही कारण असू शकतं.

जे क्षार पाण्याबरोबर वर जातात ते पानात साठतात. पाणी वाफ होऊन उडून जातं, क्षार मागे राहतात. पाण्याचा प्रवास जिथे संपतो त्या टोकांवर आणि कडांवर ते सर्वांत जास्त साचतात. म्हणून जळण्याची सुरुवात टोकापासून होते. सोबत आणखी खुणा दिसतात: मातीवर आणि मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरट थर, नेहमीपेक्षा गडद हिरवी पानं, भरपूर पाला पण फुलं कमी. पांढरा थर बोअरच्या जड पाण्यानेही येतो, म्हणून एकट्या त्या खुणेवर निदान करू नये.

एक गंमत अशी की जादा खताने उणीवही निर्माण होते. पालाश फार झालं तर मॅग्नेशियम घेण्यात अडथळा येतो, स्फुरद फार झालं तर लोह आणि जस्त मिळेनासं होतं. पान पिवळं पडतं, आपण पुन्हा खत घालतो आणि दुखणं वाढतं.

चमच्याचा हिशोब

हा हिशोब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. समजा, एका पिकाला हेक्टरी 100 किलो नायट्रोजन दिला. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात साधारण 20 लाख किलो माती असते. म्हणजे किलोभर मातीला 50 मिलिग्रॅम नायट्रोजन. कुंडीत 8 किलो माती असेल तर 400 मिलिग्रॅम पुरे. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे एक ग्रॅमपेक्षाही कमी युरिया! सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात साधारण 4 ग्रॅम युरिया मावतो. शिवाय शेतातली मात्रा दोन-तीन हप्त्यांत विभागून देतात, आपण चमचा एकदम रिकामा करतो. शेतातली मुळं खोल आणि दूर जाऊ शकतात, कुंडीतल्या मुळांना पळायला जागा नसते. पावसाचं पाणी शेतातले क्षार खाली वाहून नेतं, व्हरांड्यातल्या कुंडीला पाऊस लागतच नाही.

उपाय

आधी खत बंद करावं. कुंडीच्या तळाचं छिद्र मोकळं आहे ना ते पाहावं. मग कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट पाणी थांबून थांबून ओतावं आणि ते तळातून वाहून जाऊ द्यावं. खाली ताटली असेल तर त्यातलं पाणी फेकून द्यावं, नाहीतर तेच क्षार परत वर चढतात. नंतर वरची माती थोडी सुकेपर्यंत पाणी देऊ नये. जळलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, म्हणून सुधारणा जुन्या पानांवर शोधू नये. नवी पानं निरोगी आली की उपाय लागू पडला.

खताला दोष देण्यापूर्वी पानाची मागची बाजू भिंगातून जरूर पाहावी. मावा, तुडतुडे, लाल कोळी यांनीही पानं पिवळी पडतात. माती सतत चिखलासारखी असेल तर मुळांना हवा न मिळाल्यानेही तेच होतं. आणि एका वेळी एकच बदल करावा. पाणी, खत, जागा सगळं एकदम बदललं तर गुण कशाने आला ते कळत नाही.

वर्गात करून पाहा

1. बटाट्याच्या सारख्या आकाराच्या दोन चकत्या घ्या. एक साध्या पाण्यात, दुसरी मिठाच्या दाट पाण्यात ठेवा. दोन तासांनी वाकवून पाहा. कोणती ताठ, कोणती लुळी? का?

2. भरपूर खत घातलेल्या आणि बिनखताच्या कुंडीतून झिरपलेलं पाणी वेगवेगळं गोळा करा. प्रत्येकाचे काही थेंब काचेच्या पट्टीवर वाळवा आणि मागे उरलेले डाग ताडून पाहा.

3. झेंडूची सारखी रोपं चार कुंड्यांत लावा. पहिलीला युरिया देऊ नका. बाकीच्यांना अनुक्रमे 1, 4 आणि 8 ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून द्या. पाणी आणि ऊन सगळ्यांना सारखं ठेवा. दर आठवड्याला उंची, पानांचा रंग, जळलेली पानं आणि कळ्यांची संख्या वहीत लिहा. प्रयोग सुरू करण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपला अंदाज लिहून ठेवावा. सर्वांत जास्त कळ्या कोणत्या कुंडीत येतील, याबद्दल वर्गात मतभेद झाले तर उत्तमच. त्याचा निकाल झेंडूच देईल.