शेवटचा हात

‘घर पाहावे बांधून’ या म्हणीचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. स्लॅब पडला की घर झाले असे वाटते. आणि खरे दिवस जातात ते त्यानंतर. घरच्या घरी विमान बांधणाऱ्यांचा अनुभवही याहून निराळा नाही.

अमेरिकेत अशी माणसे हजारोंनी आहेत. १९५३ मध्ये पॉल पॉबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे हौशी विमानकारांची संघटना स्थापन केली. तिचा उन्हाळी मेळावा १९७० पासून ऑश्कोश येथे भरत आला आहे. काही कंपन्या विमानाचे सुटे भाग पेट्यांत भरून पाठवितात. घेणारा मोटारीच्या गॅरेजमध्ये, संध्याकाळी व सुटीच्या दिवशी, वर्षानुवर्षे रिव्हेट ठोकीत बसतो. या मंडळींत एक विनोद रूढ आहे: विमान नव्वद टक्के झाले, आता फक्त नव्वद टक्के उरले आहे!

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा उद्योग उलट्या दिशेचा म्हणावा लागेल. ॲडम स्मिथच्या टाचण्यांच्या कारखान्यात दहा माणसे कामाची वाटणी करून दिवसाला ४८,००० टाचण्या तयार करीत. इथे एकच माणूस सुतार, लोहार, तारतंत्री आणि रंगारी होतो. अमेरिकन कायदाही त्याला सवलत देतो ती याच अटीवर. विमानाच्या घडणीचा मोठा भाग हौशी व्यक्तींनी स्वतःच्या शिक्षणासाठी वा मनोरंजनासाठी केलेला असला पाहिजे. परंतु श्रमविभागणी सोडताना कारखान्यातील एक मोलाची गोष्टही सुटते. तेथे करणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो. येथे दोघे एकच, आणि पहिला प्रवासीही तोच.

म्हणूनच शेवटच्या टप्प्याचे महत्त्व. बाहेरच्या माणसाला तो सजावटीचा वाटतो. वस्तुतः त्यातील जवळजवळ प्रत्येक काम जिवाशी निगडित असते. रंगाचेच पाहा. पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या एलेरॉनवर रंगाचा थर चढला की तिचा तोल बदलतो. तो पुन्हा साधला नाही तर वेगात ती फडफडू लागते, आणि ही फडफड काही क्षणांत पंख मोडू शकते. प्रत्येक नट ठरलेल्या जोराने आवळून त्यावर रंगाची बारीक रेघ ओढतात. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. तिन्ही चाके तीन काट्यांवर ठेवून विमान तोलतात व गुरुत्वमध्य कोठे पडतो याचे गणित मांडतात. नाक वर करून इंजिनापर्यंत पुरेसे इंधन पोहोचते की नाही, हे मोजतात. आणि अखेरीस प्रत्येक कळीवर, प्रत्येक मुठीवर तिचे नाव लिहितात.

हे नाव लिहिणे सर्वांत क्षुल्लक वाटते. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचे लाँग-ईझी जातीचे विमान कॅलिफोर्नियातील माँटेरेच्या उपसागरात कोसळून त्यांचा मृत्यू झाला. विमान त्यांनी स्वतः बांधले नव्हते. नुकतेच विकत घेतले होते. एका टाकीतून दुसऱ्या टाकीवर इंधन वळविणारी मूठ बांधणाऱ्याने आराखड्यातील जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती. ती फिरविण्याच्या प्रयत्नात ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. उड्डाणापूर्वी इंधन न भरणे आणि या विमानाचा अपुरा सराव ही कारणे अहवालात आहेतच. पण त्या मुठीवर खुणा नव्हत्या, इंधनदर्शकावरही नव्हत्या, हेही तेथे नमूद आहे. ज्याने विमान बांधले त्याला खुणांची गरज नव्हती. त्याच्या हाताला सारे पाठ होते. खुणा असतात त्या दुसऱ्यासाठी.

दुसऱ्याच्या नजरेची सोय करणे हेच या चळवळीचे खरे यश आहे. संघटनेचे अनुभवी सभासद विनामूल्य येऊन काम पाहतात. त्यानंतर सरकारी वा अधिकृत निरीक्षक विमान तपासतो. मग साधारणपणे २५ ते ४० तास ठरलेल्या क्षेत्रात, प्रवाशांवाचून चाचणी-उड्डाणे करावी लागतात. विमान सर्वसाधारण विमानांच्या सुरक्षा-नियमांनुसार बांधलेले नाही, अशी पाटी प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते सुट्या भागांच्या तयार संचातून नव्हे, तर स्वतःच्या आराखड्यावरून. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. नोंदणी मिळाली ती २०१७ मध्ये आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये. कागदावरचा हा शेवटचा हात इतका लांबला की बातमी विमानाची न राहता परवान्याची झाली. तपासणी हवीच, पण तपासणीची वाट आधी आखलेली असेल, तर ती अडथळा न ठरता आधार ठरते. ऑश्कोशच्या मंडळींनी ही वाट अर्धशतकाहून अधिक काळ चालून रुळविली आहे. आपल्याकडे ती एका माणसाला चालता चालता शोधावी लागली.

शेवटच्या तासांचे श्रम डोळ्यांत भरत नाहीत, म्हणून तेथेच काटकसर करण्याचा मोह होतो. मात्र जमिनीवर वाचविलेल्या त्या तासांची किंमत आकाशात वसूल होते, आणि ती पुष्कळदा बांधणारा नव्हे, दुसराच कोणी भरतो.