अ‍ॅपवर गाडी चालवायची? आधी रिकामे किलोमीटर मोजा

आजचा एपिसोड जरा घरातला आहे. मागच्या वर्षी आम्ही, म्हणजे मोतीलाल नगर, गोरेगाव पश्चिमवाले, हप्त्यावर गाडी घ्यायला निघालो होतो. अ‍ॅपवर चालवायला. डाउन पेमेंटसाठी आईने बांगड्या काढून ठेवलेल्या. मावसभाऊ म्हणाला, "अरे, दिवसाला अठराशे येतात. विचार कसला करतोस?"

अठराशे येतात, हे खरं. पण राहतात किती? मी कागद घेऊन बसलो. खालचे आकडे धरलेले आहेत, तुमचे वेगळे असतील. पद्धत तीच.

समजा दिवसाला गाडी १५० किलोमीटर धावली. त्यातले १०० प्रवासी बसलेले, ५० रिकामे. कमिशन जाऊन किलोमीटरला १८ रुपये हातात पडले, तर झाले १,८००. आता खर्च. किलोला २० किलोमीटर धरले तर साडेसात किलो सीएनजी, ८० च्या भावाने ६०० रुपये. हप्ता महिन्याला १५,०००, महिन्यात २५ दिवस काम, म्हणजे रोजचे आणखी ६००. इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंगला २०० बाजूला. उरले ४००. बारा तास बसून!

यात सगळ्यात फसवे ते रिकामे ५०. ओबेरॉय मॉलजवळ भाडं मिळालं, मीरा रोडला सोडलं, येताना कोणी नाही. गॅस जळतोच, हायवेच्या ट्रॅफिकमध्ये वेळही जातो. अ‍ॅप मात्र फक्त कमाई दाखवतं.

कागदपत्रंही बघा. घरची पांढऱ्या पाटीची गाडी अशी चालवता येत नाही. परमिट, पिवळी पाटी, कमर्शियल इन्शुरन्स लागतो. पासिंग पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. चालकाला बॅज हवा, तो वेगळा.

भाड्याचं काय? १ फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळीचं किमान भाडं ३१ रुपये झालं. अ‍ॅपवाल्यांनाही मीटरइतका दर द्या, या मागणीसाठी जुलै २०२५ मध्ये मुंबईतले चालक संपावर गेले, आझाद मैदानात बसले. त्याच महिन्यात केंद्राच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या: स्वतःची गाडी असेल तर भाड्यातले किमान ८० टक्के चालकाला. काही अ‍ॅप आता कमिशनऐवजी रोजची ठरलेली फी घेतात. धंदा चांगला असेल तर ते परवडतं. मंदीच्या दिवशी मात्र फी आधी जाते.

मग मी काय केलं? बॅज होताच. शेजारच्या काकांची गाडी महिनाभर शिफ्टवर घेतली. रोज ठरलेली रक्कम त्यांना, गॅस माझा. सकाळ-संध्याकाळ मीटरचं रीडिंग वहीत लिहिलं. महिन्याअखेरीला कळलं, तीनातला एक किलोमीटर रिकामाच जात होता. हप्ता डोक्यावर असता तर पहिल्याच आजारपणात थकला असता.

बांगड्या परत आईच्या हातात गेल्या. मी अजून काकांचीच गाडी चालवतो, वही चालू आहे. रिकामे किलोमीटर कमी करायला जमलं, तर पुन्हा विचार करेन.

तुम्हीही शोरूमला जाण्याआधी एक महिना दुसऱ्याची गाडी चालवा. आणि वहीत काय निघालं, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!