सहकुटुंब प्रवास आणि करमणुकीची उद्याने

स्वतःच्या मोटारीने सहकुटुंब निघालेल्या गृहस्थाने करमणुकीच्या उद्यानाची निवड करताना पाळण्यांची संख्या मोजण्यापूर्वी आपल्या परिवारातील सर्वांत लहान मुलाची उंची आणि सर्वांत वृद्ध व्यक्तीची चालण्याची शक्ती लक्षात घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, खोपोलीजवळ, 2013 साली सुरू झालेले इमॅजिका एका दिवसाच्या सहलीस सर्वथा सोयीचे आहे. तेथील 'नायट्रो' या रोलर कोस्टरच्या गाडीला पायाखाली तळच नाही. पाय अधांतरी लोंबकळत असता ती प्रवाशांना उलटेपालटे फिरवते. परंतु प्रवेशद्वाराशी उभ्या केलेल्या मापाच्या पट्टीखाली ज्याचे मस्तक राहते, त्या बालकाला तेथूनच परतावे लागते, आणि त्याचा हिरमुसलेला चेहरा पाहणे मातापित्यांना खरोखरच जड जाते. शिवाय तेथील जलोद्यानाचे तिकीट स्वतंत्र आहे, हे खर्चाचा अंदाज बांधताना विसरू नये.

याउलट बंगळूरनजीक म्हैसूर रस्त्यावरील, 2005 पासून चालू असलेल्या वंडरलात जमिनीवरची व पाण्यातली क्रीडा एकाच तिकिटात होते. पाण्यात मात्र सुती कपड्यांस मज्जाव असल्याने नायलॉनचा पोशाख जवळ असावा. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगावमार्गे हे अंतर आठशे किलोमीटरांहून अधिक भरते, म्हणून वाटेत मुक्काम अपरिहार्य होय. चार दिवसांची रजा मंजूर असेल तर वंडरला, केवळ रविवार हाती असेल तर इमॅजिका, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.