तेल आणि वायूवर तोललेली गाडी

1955 साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात आलेल्या सित्रोएन डीएसला पोलादी स्प्रिंगा नव्हत्याच. अभियंता पॉल माजेस यांनी प्रत्येक चाकासाठी एक धातूचा गोळा बसवला. आत रबरी पडदा. एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. चाक उंचवट्यावर चढलं की तेल पडद्याला रेटतं, वायू दबतो आणि धक्का तिथेच जिरतो. इंजिन सुरू होताच पंप दाब तयार करतो आणि खाली बसलेली गाडी हळूहळू उठून उभी राहते. ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंगही याच दाबावर चालतात. 1962 साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी त्यांच्या डीएसने त्यांना सुखरूप बाहेर काढलं.

मग अशा यंत्रणेची घरच्या घरी दुरुस्ती अवघड का? पडद्यातून नायट्रोजन वर्षानुवर्षं झिरपतो आणि मऊ गाडी हादरे देऊ लागते. गोळा बदलण्याआधी दाब सोडावाच लागतो. तो वातावरणाच्या दाबाच्या दीडशे पटींच्या घरात असतो. सुरुवातीचं तेल हवेतला ओलावा शोषायचं, आतले भाग गंजायचे. पुढे हिरवं खनिज तेल आलं. दोन्हींची अदलाबदल झाली तर रबरी सील निकामी होतात.

म्हणून मालकाने तेलाची पातळी आणि गळती नियमित पाहावी, दाबाचं काम जाणकार मेकॅनिकवर सोपवावं. एवढी सुंदर यंत्रणा जपायची तर आधी ती समजून घ्यायला हवी, आणि त्यातला आनंद गाडी चालवण्याइतकाच मोठा आहे.