दागिना की यंत्र?

दागिना हा मुळात टिकाऊ ऐवज. आजीच्या पाटल्या नातीच्या हातात जातात. घडण जुनी वाटली, तर सराफाकडे मोड देऊन नवा दागिना घडवता येतो. 'स्मार्ट' दागिन्यांचे गणित मात्र निराळे आहे.

अ‍ॅपलने २०१५ मध्ये १८ कॅरेट सोन्याचे स्मार्ट घड्याळ बाजारात आणले. अमेरिकेत त्याची किंमत १० हजार डॉलरपासून सुरू होत होती. परंतु आतील यंत्रणा त्याच पिढीतील स्वस्त घड्याळांसारखीच होती. २०१८ मध्ये आलेली नवी संगणकप्रणाली या घड्याळांवर चालू शकली नाही. सोने सोनेच राहिले. घड्याळ तीन वर्षांत जुने झाले.

पुढे यंत्र मिरवण्यापेक्षा ते लपवण्याकडे रचनाकारांचा कल वाढला. फिनलंडच्या 'ऊरा'ने रुजवलेल्या स्मार्ट अंगठीच्या क्षेत्रात बंगळुरूची 'अल्ट्राह्यूमन' उतरली आणि २०२४ मध्ये 'सॅमसंग'ही आली. या अंगठ्यांना पडदा नसतो. टायटॅनियमच्या साध्या वळ्यात सारे सामावलेले असते आणि वजन जेमतेम काही ग्रॅम भरते. आतल्या बाजूचे सूक्ष्म दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बोटातील रक्ताचे प्रमाण कमीजास्त होते आणि परत येणारा प्रकाशही बदलतो. त्यावरून नाडीचा वेग कळतो. अंगठी बोटाला घट्ट बसत असल्याने ही नोंद झोपेतही घेता येते.

या सुबकपणाची किंमतही आहे. वक्राकार बॅटरी आतच बंदिस्त असल्याने ती सहसा बदलता येत नाही, आणि दर चार्जिंगगणिक तिची क्षमता घटत जाते. बोट जाड झाले, तर सोनाराकडून अंगठी वाढवून घेण्याचीही सोय नाही. म्हणूनच कंपन्या मापासाठी आधी नमुन्याच्या पोकळ अंगठ्या देतात.

दाव्यांबाबतही सावध असावे. त्वचेला न टोचता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. चुकीच्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन घेतल्यास मधुमेही रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

तेव्हा स्मार्ट अंगठी जरूर घ्यावी. पण मोबाइल घेतो त्या हिशेबाने. मोड देताना सराफ तिची किंमत करणार नाही.